चमचाभर तेल आणि समुद्र

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावी होतो. वारा मंदावलेल्या सकाळी समुद्रावर गुळगुळीत, तुकतुकीत पट्टे दिसत. लाँचमधले डिझेल सांडले असेल, असे मी धरून चाललो होतो. पुढे वाचनात आले की, पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांपासून सुटलेली तेले आणि तत्सम द्रव्ये पृष्ठभागावर जमतात आणि तरंग विझवतात. म्हणजे समुद्र स्वतःच स्वतःला तेल लावतो!

या वाचनातच बेंजामिन फ्रँकलिन नव्याने भेटला. पतंग उडवून वीज ओळखणारा नव्हे, तेलवाला फ्रँकलिन. बोस्टनमध्ये १७०६ साली साबण-मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम दोन वर्षे. पुढे तो छापखान्याचा मालक झाला, टपालखात्याचा अधिकारी झाला. १७५७ साली इंग्लंडला जाताना ताफ्यातल्या दोन जहाजांमागचे पाणी त्याला विलक्षण शांत दिसले. आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतले असेल, असे कप्तानाने सांगितले. दुसरा कोणी ते विसरला असता. याने पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकले आणि अर्धा एकर पाणी आरशासारखे झाले. मग बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात तेल भरून तो हिंडू लागला.

तेलाचे माप आणि पाण्याचे क्षेत्रफळ, दोन्ही आकडे हाताशी होते. भागाकार केला असता तर रेणूच्या लांबीचा अंदाज हाती आला असता. तो त्याने केला नाही. १८९० साली लॉर्ड रॅलेने स्वतः मोजमाप करून तवंगाची जाडी काढली. जन्मभर खतावण्या तपासलेल्या मला ही राहून गेलेली नोंद आजही खुपते.

पण दुसरी एक नोंद त्याने चोख केली. १७७३ साली पोर्ट्‌समथजवळ किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा तेलाने शमवायचा त्याचा प्रयोग फसला. वाऱ्याची पाण्यावरची पकड तेलाने सुटते. दुरून चालत आलेली मोठी लाट थांबत नाही. हे अपयश त्याने १७७४ च्या निबंधात यशाशेजारीच छापले.

त्याच वर्षी जानेवारीत लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर भरसभेत त्याचा पाणउतारा झाला, टपालाचे पदही गेले. इंग्लंड आणि वसाहतींमध्ये समेट व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षे झटला होता. १७७५ साली युद्ध पेटले. १७९० साली तो वारला, तेव्हा त्या वसाहतींचा स्वतंत्र देश झाला होता.

समुद्रावर तसा पट्टा दिसला की, मला आता डिझेल आठवत नाही. फसलेला हिशेबही वहीत ठेवणारा तो म्हातारा आठवतो.