साखळीवर तोललेला वेग

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दररोज भंगार येऊन पडते. मोडीत निघालेल्या यंत्रांचे लोखंड भट्टीत वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. जुन्या यंत्राची बहुधा हीच गत होते. क्वचित एखादे यंत्र मात्र जाणकाराच्या हाती लागते. तो त्याचा सांधा न् सांधा खोलतो, कमकुवत भाग बदलतो आणि पूर्वी कधीच न केलेले काम त्याच्याकडून करून घेतो. एका जुन्या शर्यत-गाडीवर असा प्रयोग करून जगातील वेगाचा उच्चांक मोडणारे आणि त्याच गाडीत प्राण गमावणारे अभियंते जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस यांचे चरित्र मोटारींच्या इतिहासात आजही अभ्यासले जाते.

थॉमस यांचा जन्म एप्रिल १८८४ मध्ये वेल्समधील रेक्सम येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब सीमेपलीकडे इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावी स्थायिक झाले. तेथील शालेय शिक्षण आटोपून थॉमस लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले. ज्या प्रश्नाने त्यांचे तरुणपण व्यापले, तो इंजिनाचा नव्हता. इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचवायची कशी, हा तो प्रश्न होता.

त्या काळी गिअर बदलणे हे अवघड कसब होते. दंतचक्रे करकरत, दाते तुटत आणि अवजड वाहन हलताना हिसके बसत. थॉमस यांनी यावर विजेचा तोडगा काढला. त्यांच्या रचनेत इंजिनाच्या शक्तीचा काही भाग दंतचक्रांतून जाई आणि उरलेला विद्युतयंत्रांमार्फत चाकांना मिळे. त्यामुळे वाहनाचा वेग टप्प्याटप्प्याने न वाढता सलग वाढत असे. बस, ट्राम आणि रेल्वेचे डबे यांवर या पद्धतीचे प्रयोग झाले. आजच्या हायब्रीड मोटारींतही शक्तीची अशीच विभागणी केली जाते, हे पाहिले की त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते.

१९१७ मध्ये लेलँड मोटर्स या कंपनीने त्यांना मुख्य अभियंतापदी नेमले. महायुद्ध संपल्यावर कंपनीला जगातील सर्वोत्तम आलिशान मोटार हवी होती. थॉमस आणि त्यांचे तरुण सहकारी रीड रेल्टन यांनी आठ सिलिंडरची 'लेलँड एट' घडवली. १९२० च्या लंडन प्रदर्शनात तिने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. परंतु किंमत अफाट होती आणि युद्धाने थकलेल्या देशात गिऱ्हाईक मिळेना. जेमतेम दीड डझन गाड्या तयार झाल्या. कंपनीने हा नाद सोडला, पण थॉमस यांना तो सोडवला नाही. १९२३ मध्ये त्यांनी प्रतिष्ठेच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ब्रूकलँड्स या शर्यतमार्गालगत आपला कारखाना थाटला.

मार्गाच्या आतील एका छोट्या घरात हा अविवाहित अभियंता राहत असे. अंगात विणलेला रंगीत स्वेटर, सोबतीला कुत्रे आणि कामाला दिवस-रात्रीचे बंधन नाही, असा त्यांचा दिनक्रम होता. आपणच सुधारलेली लेलँड गाडी ते स्वतः चालवत. १९२४ मध्ये त्यांनी ब्रूकलँड्सची फेरी ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने पुरी केली. मात्र शर्यतींतून मिळणाऱ्या पैशावर कारखाना चालवायचा होता. जगाचा उच्चांक गाठण्यासाठी अगदी नवी गाडी घडवायची, तर त्याला धनाढ्य आश्रयदाता लागला असता.

अशा वेळी एक जुनी गाडी त्यांच्या समोर आली. काउंट लुई झ्बोरोव्स्की हे इंग्लंडमधील श्रीमंत शर्यतपटू विमानांची इंजिने मोटारींत बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये इटलीतील मोन्झा येथे त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांची 'हायम स्पेशल' ही अवाढव्य गाडी मागे राहिली. थॉमस यांनी ती अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली.

या गाडीत अमेरिकेत विमानांसाठी बनलेले लिबर्टी इंजिन होते. १२ सिलिंडर, २७ लिटर क्षमता आणि सुमारे ४५० अश्वशक्ती असा त्याचा आवाका होता. आजच्या साध्या छोट्या मोटारीचे इंजिन एक लिटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की त्याच्या प्रचंडपणाचा अंदाज येतो. पण गिअरबॉक्स होता पहिल्या महायुद्धापूर्वीच्या बेंझ शर्यत-गाडीचा. तेथून मागच्या चाकांपर्यंत शक्ती जात होती ती दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवरून, सायकलच्या साखळीसारखी, फक्त कित्येक पटींनी जाड.

थॉमस यांनी इंजिन उघडले. स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन बसवले, चार कार्बोरेटर जोडले आणि वारा कापणारा लांबट पत्रा वरून चढवला. गाडीला 'बॅब्स' असे लाडके नाव मिळाले. गिअरबॉक्स आणि साखळ्या मात्र जुन्याच वळणाच्या राहिल्या. शक्तिवहनाच्या शास्त्रात ज्याने नवी वाट पाडली, तोच अभियंता आपल्या सर्वांत वेगवान गाडीत साखळीवर विसंबला, ही या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. १२५ पौंडांच्या गाडीत सारेच नवे बसवणे शक्य नव्हते, हे त्यांनी पुरते जाणले असणार.

एप्रिल १९२६ मध्ये बॅब्स वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेन्डाइन येथे नेण्यात आली. ओहोटीनंतर तेथे मैलोन्‌मैल सपाट, घट्ट वाळू मिळते. त्या वेळचा उच्चांक हेन्री सीग्रेव्ह यांच्या नावावर होता, ताशी १५२.३३ मैल. थॉमस यांनी दोन दिवसांत तो दोनदा मोडला आणि २८ एप्रिलला ताशी १७१.०२ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटरचा वेग गाठला. एकेका मैलासाठी झुंज चालू असताना जुन्या गाडीने उच्चांक एकदम जवळजवळ १९ मैलांनी पुढे नेला.

हा मान वर्षभरही टिकला नाही. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी माल्कम कॅम्पबेल यांनी त्याच वाळूवर, खास या कामासाठी बांधलेल्या 'ब्लू बर्ड'मधून ताशी सुमारे १७४ मैलांचा वेग नोंदवला. महिनाभरातच, ३ मार्च १९२७ रोजी, थॉमस बॅब्स घेऊन पुन्हा पेन्डाइनला उतरले. ताशी १७० मैलांच्या आसपास वेगात असताना गाडी भरकटली, उलटली, वाळूवरून फरफटत गेली आणि पेटली. डोक्याला झालेल्या भीषण जखमेने थॉमस जागीच मरण पावले. जमिनीवरील वेगाच्या उच्चांकासाठी प्राण गमावणारे ते पहिले चालक ठरले. ब्रूकलँड्सजवळच्या बायफ्लीट येथील चर्चच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

उजवीकडची साखळी तुटून त्यांच्या मानेवर बसली, असा समज तत्काळ पसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस सीग्रेव्ह यांनी अमेरिकेत डेटोना येथे ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. त्यांच्या सनबीम गाडीतही साखळ्याच होत्या, मात्र त्या जाड पोलादी आवरणात बंदिस्त होत्या.

चौकशी संपल्यावर सहकाऱ्यांनी बॅब्सची तबके फोडली, आसने फाडली आणि किनाऱ्यावरच खड्डा करून गाडी पुरून टाकली. ती भंगारात गेली नाही, पण पुन्हा कोणी चालवू नये अशीही व्यवस्था झाली. चार दशके ती वाळूखाली राहिली. १९६९ मध्ये वेल्समधील अभियांत्रिकीचे अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी परवानग्या मिळवून ती उकरून काढली. पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. पोलादाने मात्र बराच तग धरला होता. भाग तपासल्यावर साखळीच्या कथेला तडा गेला. आधी उजवे मागचे चाक निकामी झाले असावे आणि गाडी उलटण्याचे कारण तेच असावे, असे मत पुढे आले. तसे असेल तर साखळी हे अपघाताचे कारण नव्हे, तर परिणाम ठरतो.

ओवेन यांनी पुढची दीड दशके त्या सांगाड्यावर घालवली. बॅब्स पुन्हा सुरू झाली, पुन्हा चालली. आज ती वर्षातील काही काळ पेन्डाइनच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींसाठी थॉमस यांच्या चरित्रात ठोस बोध आहे. अश्वशक्ती वाढवणे हे कामाचे अर्धेच अंग होय. ती पेलणारा प्रत्येक दाता, प्रत्येक कडी, प्रत्येक चाक त्याच मापाने बळकट करावे लागते, कारण गाडीचे सामर्थ्य तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकेच असते. थॉमस यांना हे इतरांपेक्षा अधिक कळत होते. तरीही त्यांनी हाती होते त्यावर भरवसा ठेवला. त्या भरवशाने त्यांना दहा महिन्यांपूर्वी जगज्जेते केले होते.