जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे

दुष्काळी मुलखातील लहान मूल जुलाबाने किंवा गोवराने दगावले की नोंदीत त्या रोगाचे नाव येते. त्यामागच्या भुकेचे नाव कोणी लिहीत नाही. ते नाव डॉ. मेबल आरोळे यांनी ओळखले, आणि त्यावरचा इलाज डॉक्टरांच्या हातातून काढून खेड्यातील बायांच्या हाती दिला.

मेबल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता राहुरीकडील रजनीकांत आरोळे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९६० साली विवाह झाला तेव्हाच उभयतांनी आपले आयुष्य खेड्यातील उपेक्षितांसाठी वेचण्याचा निश्चय केला.

१९६२ पासून काही वर्षे ही दोघे त्यावेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात होती. रुग्णांची रीघ लागली. परंतु बरे करून घरी पाठविलेले रुग्ण त्याच तक्रारी घेऊन पुन्हा दाराशी येत, आणि त्यांतले बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ती १९७० मध्ये परतली आणि जामखेडला आली. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले.

लगेच दुष्काळ पडला. लोकांना औषध नको होते, पाणी आणि अन्न हवे होते. विहिरी-कूपनलिकांसाठी मदत मिळविली गेली. मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. डॉक्टरांनी भाकरीची चिंता का करावी, असे कोणी विचारील. पण भुकेल्या मुलाला दिलेले औषध किती दिवस पुरणार?

आरंभी खेड्यांत परिचारिका पाठविण्याचा विचार होता. तो फारसा साधला नाही. गावाला त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच आपली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्यांपैकी कित्येक निरक्षर, कित्येक दलित समाजातील होत्या. त्यांना शिकविणे हे मेबल यांचे खरे जीवनकार्य. वेल्लोरला अभ्यासात अग्रेसर असलेल्या या विदुषी पाटीपेन्सिलही न धरलेल्या स्त्रियांसमवेत जमिनीवर बसत. जातीजातींच्या बाया एकत्र जेवू लागल्या, हेही त्या शिक्षणातच आले.

शिकवण साधी होती, पण तिला घराघरांतील समजुतींशी झुंजावे लागे. बाळंतपणानंतरचे पहिले पिवळसर दूध पिळून टाकीत. ते बाळाला प्रथम पाजावयाचे. मूल फार वाढू नये म्हणून गरोदर स्त्रीला कमी जेवू घालीत. तिला उलट जास्त द्यावयाचे. अंगावरचे दूध चालू ठेवून वेळेवर डाळ, भाजी, भाकरी मऊ करून भरवावयाची. मुलाचे वजन नियमाने पाहावयाचे. सर्वांत घातक रूढी म्हणजे जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडणे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून ते मुलाला थोडेथोडे पाजले म्हणजे प्राण वाचतो. हे सांगावयाला पदवी लागत नाही. मात्र सांगणारी बाई शेजारची असावी लागते. डॉक्टरांचे न ऐकणारी सासू तिचे ऐके.

वैद्यकशास्त्र असे अशिक्षितांच्या हाती देणे पुष्कळांना रुचले नाही. त्यांच्या शंकांना उत्तर गावांनीच दिले. १९७१ च्या सुमारास त्या परिसरात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत मरत. १९९० नंतरच्या काही वर्षांत ही संख्या तिसाच्या आत आली.

१९७९ मध्ये पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९९० मध्ये पद्मभूषण. पुढे मेबल काही काळ युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागाच्या सल्लागार होत्या. २८ सप्टेंबर १९९९ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. डॉ. रजनीकांत २०११ पर्यंत जामखेडलाच होते.