कमलाबाईंचं ते एक वर्ष

बरकतपुऱ्याच्या आमच्या घरात जेवताना माझ्या कामाबद्दल कोणी विचारत नाही. एकदा आजीने विचारलं होतं आणि मी खरं ते सांगून टाकलं. सकाळी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणायचे, बर्फात ठेवायचे, मंद लाल दिव्यात कापून आतलं दृष्टिपटल सोलून घ्यायचं. काकूने अर्धी पोळी ताटातच सोडली.

दृष्टिपटल म्हणजे रेटिना. हातात आलं की ओल्या टिश्यूपेपरसारखं लागतं. ते दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉलमध्ये घोटायचं, थोडं पाणी घालायचं, की दोन थर होतात आणि चरबी खालच्या थरात उतरते. त्या चरबीत मी डीएचए नावाचं मेदाम्ल शोधते. बावीस कार्बनची साखळी, सहा दुहेरी बंध. अंधुक उजेडात ज्यांच्यामुळे दिसतं त्या दंडपेशींच्या पडद्यांमध्ये हे आम्ल इतकं ठासून भरलेलं असतं, की तिथल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मा वाटा त्याचाच. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनल जे प्रथिन धरून ठेवतं, ते याच पडद्यांत बसलेलं असतं. डीएचएचा कच्चा माल जवसात असतो, शरीर त्यातून थोडंसंच डीएचए बनवू शकतं. हे ऐकून मात्र आजी खूश झाली. आम्ही मूळचे मराठवाड्याचे, जवसाच्या चटणीची बरणी घरात रिकामी राहत नाही.

आता मुद्द्यावर येते. दंडपेशी रोज आपल्या पडद्यांचा साधारण दहावा हिस्सा टाकून देतात. शेजारच्या थरातल्या पेशी तो गिळतात आणि त्यातली बरीचशी मेदाम्लं जाळून ऊर्जा मिळवतात. या जळण्यात इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. त्या साखळीतला शेवटून दुसरा हात सायटोक्रोम सी नावाच्या लहानशा लालसर प्रथिनाचा. हे प्रथिन फक्त प्राण्यांत असतं की वनस्पतींतही, असा एक साधा प्रश्न डोक्यात आला म्हणून जुने संदर्भ चाळायला बसले, आणि केंब्रिजच्या कामात नाव सापडलं कमला भागवत. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण!

दुर्गाबाई आपल्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहेत. कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केलेल्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक, शिवाय ‘खमंग’सारखं पाककृतींचं पुस्तक लिहिणाऱ्या. बहीण मात्र मला ठाऊक नव्हती, आणि मी तर जीवरसायनशास्त्राची. लाज वाटली, म्हणून अंकासाठी हे लिहिते आहे.

कमलाबाई १९११ साली इंदूरला जन्मल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून शिकलेले. म्हणजे त्या संस्थेचं नाव या घरात आपल्या घरी गावाचं नाव निघतं तितक्या सहजपणे निघत असणार. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायन आणि भौतिक घेऊन कमलाबाई पहिल्या आल्या आणि पुढच्या संशोधनासाठी त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, १९३० चे नोबेलविजेते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण, अर्जदार मुलगी.

इथे कोणीही घरी बसलं असतं. कमलाबाई बंगलोरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मागे हटल्या नाहीत. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला अधिकृत मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

त्या शेवटच्या अटीवर मी बराच वेळ अडकले. लक्ष त्यांचं, आणि ते सांभाळायचं हिने.

अडकण्याचं एक खाजगी कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत (नाव नको) मी मुलाखतीला गेले होते. कामाबद्दल दोन प्रश्न झाले. बाकी सगळं, रात्री अकरा वाजता घरी कशी जाणार, घरचे चालू देतील का, लग्नाचं काय, बी.एड. बरं नाही का. मी नम्रपणे उत्तरं दिली, बसने घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तेव्हा मला वाटायचं की उठून निघून यायला हवं होतं. कमलाबाईंबद्दल वाचल्यावर प्रश्न आणखी अवघड झाला. त्यांनी अटी मान्य केल्या. अपमान समजून, उमजून, गिळला आणि आत गेल्या. बरोबर केलं का? आजीच्या मते अगदी बरोबर केलं, कारण दार उघडं असलं की मागच्यांना येता येतं. माझं अजून ठरत नाही.

मागच्यांना येता आलं, हे मात्र खरं. बंगलोरला त्यांचे शिक्षक होते श्रीनिवासय्या, कडक आणि मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांची खात्री पटली, कामाला मान्यता मिळाली आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ साली एम.एस्सी. झाली. कमलाबाई मात्र ते वर्ष विसरल्या नाहीत. रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण या बाबतीत त्यांचं मन लहान होतं, असं त्या म्हातारपणीही स्पष्ट बोलून दाखवत. याच रामन यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत दृष्टी आणि दृष्टिपटल यांवर काम केलं, १९६८ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. म्हणजे माझ्या विषयाच्या एका टोकाला रामन उभे आहेत आणि दुसऱ्या टोकाला कमलाबाई. गंमत वाटते, थोडी चीडही येते.

मग केंब्रिज. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स. उंदरांना शुद्ध केलेलं अन्न दिलं तर ते वाढत नाहीत आणि थोडंसं दूध दिलं की वाढतात, हे १९१२ साली दाखवून जीवनसत्त्वांच्या शोधाला मोठा आधार देणारे. १९२९ चं नोबेल त्यांना आइकमान यांच्याबरोबर मिळालं. हॉपकिन्स यांच्या विभागात स्त्रियांना दार उघडंच असे. कमलाबाई न्यूनम कॉलेजात दाखल झाल्या, आधी डेरेक रिक्टर आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं, आणि वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातही त्याचा हात आहे असं त्यांनी मांडलं. केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमांची मांडणी केली होती, त्यामुळे विषय तिथल्या हवेतच होता. पण बटाट्यासारख्या मुकाट कंदात आणि बोकडाच्या डोळ्यात श्वास घेण्याची रीत एकच, हे मला अजूनही नवल वाटतं. आमच्याकडे उपासाला बटाट्याची भाजी झाली की आता मी उगाच हसते.

प्रबंध लिहिला तो फक्त चाळीस पानांचा. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत काम आटोपलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. (माझा नुसता आराखडाच साठ पानांचा आहे.) विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांना म्हणतात. जानकी अम्मल यांना मिशिगनची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती, तेव्हा ‘पहिली’ या शब्दासाठी मी भांडणार नाही. कमलाबाईंचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही.

त्या १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, काम जीवनसत्त्वांच्या परिणामांवर. हीच कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आमच्या घरून नल्लाकुंटा, विद्यानगर, उस्मानिया असं करत तारनाक्याकडे निघालं की तिचं आवार लागतं. लहानपणापासून मी त्या फाटकासमोरून बसने जाते आहे.

कुन्नूरला वर जायची वाट दिसेना. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून. पुढची बरीच वर्षं कडधान्यं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. शिजवलं की बहुतेक जोर जातो. दुर्गाबाई पाककृती लिहीत होत्या आणि बहीण पातेल्यात नेमकं काय घडतं ते तपासत होती, असं चित्र मला फार आवडतं.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे ताडाचा न आंबलेला ताजा रस. हैदराबादकरांना ताडीचं झाड दाखवावं लागत नाही, हुसेनसागराच्या काठी तर आता नीरा कॅफेच आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांनी दाखवलं की नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायांना ती दिल्यावर प्रकृती सुधारते. या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आणि तरीही त्याच मुंबईच्या संस्थेचं संचालकपद त्यांच्या हाती यायला चार वर्षं जास्त लागली. आतल्या राजकारणामुळे, आणि बाई म्हणून. हे मी आजीला सांगितलं. बंगलोरला अट मान्य करून, वर्ष काढून, खात्री पटवून दिली होती ना? मग पुन्हा का? आजी भाजी निवडत होती, काही बोलली नाही.

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत गेल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटीचं काम, अन्नातली भेसळ, ‘कीमत’ या नियतकालिकात लेख. १९९८ मध्ये दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठरवला. वय शहाऐंशीच्या घरात. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

मला नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे रात्री उशिरा थांबणाऱ्यांसाठी एक वही आहे, त्यात मुलं-मुली सगळेच सही करतात. मागच्या गुरुवारी साडेदहाला मी सही केली तेव्हा फोन आला. आजी होती. जेवण झाकून ठेवलंय, आणि लाल दिवा बंद करायला विसरू नको, एवढंच सांगून तिने फोन ठेवला.