भास्कराचार्यांचा काटकोन

राहनाळहून येताना गोदामांच्या लांब सावल्या दिसल्या, की मला भास्कराचार्य आठवतात. सावलीवरून मोजमाप काढण्याच्या रीती त्यांच्या ‘लीलावती’त आहेत, आणि त्याही श्लोकांत! गणिताला बिचकणाऱ्या आम्हा कलाशाखेच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

जन्म इ. स. १११४, सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविड गावी. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ सिद्ध झाला.

त्यांचे एक उदाहरण पाहा. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे निघतो, मोर तिरपा झेपावतो. दोघांची चाल सारखी. गाठ पडते बिळापासून १२ हातांवर. बाजू ९, १२, १५!

पण कोनांसाठी ‘ज्या’ हवी. ‘ज्योत्पत्ति’त त्यांनी दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. ज्या हा शब्द त्यांच्याही आधीचा. अरबांमार्फत युरोपात जाऊन तोच ‘साइन’ झाला.

पुढे नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. इ. स. १२०७ च्या तिथल्या शिलालेखात संस्कृतानंतर चक्क मराठी मजकूर आहे: बाजारातल्या मालावरचा हिस्सा मठाला द्यावा.