धागा अतूट, आयुष्य अपुरे

कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली लोकल शहाड आणि आंबिवली ही स्थानके मागे टाकते, तेव्हा ती मानवनिर्मित धाग्यांच्या भारतीय इतिहासातूनच जात असते. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि आंबिवलीजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजेच 'एनआरसी', या दोन कारखान्यांनी कल्याण परिसरातील हजारो घरांच्या चुली वर्षानुवर्षे पेटत्या ठेवल्या. एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले. पण धाग्याशी असलेले या पट्ट्याचे नाते काही तुटले नाही. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचे कापड विणले जाते, तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांचे आणि कापडप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले.

रेयॉन हा अर्धा निसर्गाचा आणि अर्धा माणसाचा धागा. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज रसायनांत विरघळवायचे आणि बारीक छिद्रांतून पुन्हा धाग्याच्या रूपात बाहेर काढायचे, अशी त्याची कृती. त्यातला मूळ रेणू झाडानेच घडवलेला असतो. तो रेणूही प्रयोगशाळेत जुळवायचा आणि त्याचा धागा काढायचा, ही किमया प्रथम यशस्वीपणे बाजारात आणली ती नायलॉनने. टायरच्या पोटात घालण्यात येणाऱ्या रेयॉनच्या दोऱ्याची जागाही पुढे मोठ्या प्रमाणावर नायलॉननेच घेतली. साडी, मासेमारीचे जाळे, दोरखंड, दात घासायचा ब्रश आणि दिवाणखान्यातला गालिचा अशा नाना रूपांत नायलॉन घरोघरी पोहोचला. मात्र त्याचे जनक वॉलेस ह्यूम कॅरोथर्स यांना यातली एकही वस्तू दुकानात पाहायला मिळाली नाही.

हिशेबाकडून रसायनाकडे

कॅरोथर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात बर्लिंग्टन येथे झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन शहरातील एका वाणिज्य महाविद्यालयात शिकवत. मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी घरची अपेक्षा असल्याने वॉलेस यांनी प्रथम हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यानंतर मिसुरी राज्यातील टार्किओ या छोट्या महाविद्यालयात ते दाखल झाले. तेथे इतरांना हिशेब शिकवून स्वतः रसायनशास्त्र शिकायचे, असा त्यांचा क्रम होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक निघून गेले आणि त्या जागी दुसरा माणूस मिळेना, तेव्हा महाविद्यालयाने विद्यार्थी असलेल्या कॅरोथर्स यांच्यावरच तो विषय शिकवण्याची जबाबदारी सोपवली.

१९२० मध्ये पदवी घेतल्यावर ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि १९२४ मध्ये प्रा. रॉजर अॅडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दोन वर्षे तेथेच अध्यापन केल्यानंतर १९२६ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. अबोल स्वभाव, संगीताची ओढ आणि वाचनाचे वेड असलेल्या या तरुणाचे मन वर्गात उभे राहून व्याख्यान देण्यात रमत नसे. त्याला एकांतातले संशोधन हवे होते.

ती संधी द्यू पाँ या रसायन कंपनीने देऊ केली. कंपनीचे रसायन संचालक चार्ल्स स्टाइन यांना डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे मूलभूत संशोधनाचा विभाग सुरू करायचा होता. बाजारात लगेच काय विकता येईल याचा विचार न करता केवळ ज्ञानासाठी संशोधन करायचे, ही कल्पना त्या काळातील उद्योगजगताला नवी होती. म्हणून या प्रयोगशाळेला तेथील लोक थट्टेने 'प्युरिटी हॉल' म्हणत. पगार हार्वर्डच्या जवळपास दुप्पट होता. तरीही कॅरोथर्स यांनी आधी नकार कळवला. आपल्याला अधूनमधून मानसिक दुर्बलतेचे झटके येतात आणि विद्यापीठापेक्षा कंपनीत ते अधिक अडचणीचे ठरतील, असे त्यांनी प्रांजळपणे लिहून टाकले होते. कंपनीने आग्रह सोडला नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते कामावर रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते.

डब्याला डबा

रेशीम, कापूस, रबर हे पदार्थ नेमके कशाचे बनलेले असतात, यावर त्या काळात शास्त्रज्ञांमध्ये वाद पेटला होता. लहान लहान रेणू काही गूढ आकर्षणाने एकत्र राहतात, असे अनेकांचे मत होते. जर्मनीचे हेर्मान श्टाउडिंगर मात्र १९२० पासून सांगत होते की, या पदार्थांचे रेणूच मुळात प्रचंड लांब असतात. कॅरोथर्स यांनी या वादात वेगळी वाट धरली. रसायनशास्त्रातील परिचित अभिक्रिया वापरून एकेक कडी जोडत आपणच असा लांब रेणू तयार करायचा, म्हणजे त्याच्या रचनेबद्दल शंकेला जागाच उरणार नाही, असा त्यांचा विचार होता.

ही पद्धत लोकलच्या डब्यांच्या उदाहरणाने समजू शकते. डब्याच्या दोन्ही टोकांना जोड असला, तर डब्याला डबा लावत कितीही लांब गाडी करता येते. कॅरोथर्स यांनी असेच दोन्ही टोके क्रियाशील असलेले रेणू निवडले. एका प्रकारच्या रेणूच्या दोन्ही टोकांना आम्ल, तर दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना आम्लाशी जोडला जाणारा गट. मात्र दोन्ही प्रकारांचे प्रमाण अगदी समसमान असावे लागते. एक प्रकार किंचित जास्त झाला, तरी गाडीच्या दोन्ही टोकांना तोच येतो आणि पुढची जोडणी थांबते. लांबीचे हे गणित त्यांनी ज्या समीकरणात मांडले, ते आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. दुसरी अडचण पाण्याची. प्रत्येक जोडाबरोबर पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तो तेथेच राहिला, तर जोड पुन्हा उकलतो.

१९३० चा एप्रिल महिना या प्रयोगशाळेसाठी सुगीचा ठरला. कॅरोथर्स यांचे सहकारी अर्नोल्ड कॉलिन्स यांच्या हाती रबरासारखा एक पदार्थ लागला. तोच पुढे निओप्रीन या नावाने ओळखला गेलेला कृत्रिम रबर. त्याच महिन्यात ज्युलियन हिल यांनी निर्वात उपकरणातून पाण्याचा शेवटचा अंशही काढून घेत १२ हजारांहून अधिक रेणुभाराचे पॉलिएस्टर तयार केले. त्या वितळलेल्या पदार्थात काचेची कांडी बुडवून वर उचलताच तिच्यामागून धागा येऊ लागला. थंड झाल्यावर ताणला, तर तो तुटण्याऐवजी लांब, चकचकीत आणि आधीपेक्षा बळकट झाला. अस्ताव्यस्त पडलेल्या साखळ्या ताणामुळे एका दिशेने, शेजारी शेजारी लागत होत्या. त्यातूनच ते बळ येत होते.

मात्र हा धागा कमी तापमानाला वितळत असे आणि गरम पाण्यात त्याचा टिकाव लागत नसे. धुता आणि इस्त्री करता न येणारे कापड कोण घेणार? काम काही काळ बाजूला पडले. दरम्यान स्टाइन यांच्या जागी एल्मर बोल्टन आले. मूलभूत संशोधनापेक्षा विकता येईल अशा मालाकडे त्यांचा ओढा अधिक होता.

एरंड की कोळसा?

१९३४ मध्ये बोल्टन यांच्या आग्रहावरून कॅरोथर्स पुन्हा धाग्याकडे वळले. या वेळी त्यांनी पॉलिएस्टर सोडून अमाइड जोड निवडला. रेशमाच्या आणि लोकरीच्या प्रथिनांतही हाच जोड असतो. शेजारच्या साखळ्या त्यामुळे हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात आणि धागा उष्णतेला दाद देत नाही. मे १९३४ मध्ये डोनाल्ड कॉफमन यांनी अशा पदार्थाचा पहिला चांगला धागा ओढून दाखवला.

पण त्याच उन्हाळ्यात कॅरोथर्स कोणालाही न सांगता नाहीसे झाले. शोधाशोध केल्यावर ते बॉल्टिमोरजवळच्या एका मनोविकार रुग्णालयात असल्याचे कळले. नैराश्याचा हा झटका ओसरल्यावर ते कामावर परतले आणि काही महिन्यांतच, २८ फेब्रुवारी १९३५ रोजी, त्यांच्या मार्गदर्शनाखाली जेरार्ड बर्शे यांनी ज्या पदार्थाला आज 'नायलॉन ६,६' म्हणतात तो तयार केला. दोन्ही घटकांत प्रत्येकी सहा कार्बन अणू, म्हणून '६,६'.

कॅरोथर्स यांची स्वतःची पसंती मात्र दुसऱ्या एका धाग्याला होती. त्याचा एक घटक एरंडेल तेलापासून मिळत असे. तो धागा रेशमाच्या अधिक जवळचा होता आणि हाताळायलाही सोपा. बोल्टन यांनी कारखानदाराच्या नजरेने पाहिले. एरंडेलावर अवलंबून राहिल्यास माल महाग पडेल. '६,६' चे दोन्ही घटक मात्र कोळशापासून मिळणाऱ्या बेंझीनमधून करता येतील, असा त्यांचा हिशेब होता. अखेर तोच ग्राह्य धरला गेला. त्या निर्णयानंतर नायलॉनचे काम अभियंत्यांच्या मोठ्या ताफ्याकडे गेले आणि कॅरोथर्स त्यातून दूर होत गेले.

यश आणि अंधार

१९३६ हे वर्ष बाहेरून पाहणाऱ्याला भाग्याचे वाटले असते. फेब्रुवारीत कंपनीच्याच पेटंट विभागातील हेलन स्वीटमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. उद्योगक्षेत्रात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. नऊ वर्षांच्या कारकिर्दीत पन्नासहून अधिक पेटंट त्यांच्या नावावर जमा झाली. पण आपल्याजवळच्या कल्पना आटल्या आहेत, संशोधक म्हणून आपण संपलो आहोत, या विचाराने त्यांना घेरले होते. जूनमध्ये त्यांना फिलाडेल्फिया येथे मनोविकार उपचारांसाठी दाखल करावे लागले. पुढे हवापालट म्हणून रॉजर अॅडम्स आदी स्नेह्यांसोबत आल्प्स पर्वतातील भटकंती झाली. कंपनीने कामाची सक्ती ठेवली नाही. मात्र नैराश्यावर परिणामकारक औषधे मिळू लागली ती १९५० च्या दशकात. १९३६ मधील डॉक्टरांजवळ विश्रांती आणि संभाषण यापलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते.

जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी धाकटी बहीण इझोबेल न्यूमोनियाने वारली. हा आघात त्यांना सोसवला नाही. ९ एप्रिल रोजी कृत्रिम धाग्याच्या पेटंटसाठी त्यांच्या नावे अर्ज दाखल झाला. २९ एप्रिल रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलच्या खोलीत त्यांनी आपले जीवन संपवले. ४१ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. नोव्हेंबरमध्ये त्यांची कन्या जेन हिचा जन्म झाला.

धाग्याचे पुढचे आयुष्य

पेटंट मंजूर झाले सप्टेंबर १९३८ मध्ये. पुढच्याच महिन्यात 'नायलॉन' हे नाव जगासमोर आले. प्रथम दात घासायच्या ब्रशचे केस, मग १५ मे १९४० पासून अमेरिकाभर स्त्रियांचे पायमोजे. पहिल्याच दिवशी लाखो जोड विकले गेले. दुसऱ्या महायुद्धात हा धागा पॅराशूट, दोरखंड आणि टायरकडे वळवण्यात आला. भारतात १९६० च्या दशकात गोरेगावच्या निरलॉनसारख्या कंपन्यांनी नायलॉन धाग्याचे उत्पादन हाती घेतले आणि सहज धुतली जाणारी, लवकर वाळणारी नायलॉनची साडी चाळीतल्या दोरीवर दिसू लागली.

मूळ नायलॉन जसाच्या तसा राहिला नाही. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ मध्येच कॅप्रोलॅक्टम या एकाच कच्च्या मालापासून 'नायलॉन ६' तयार केला होता. गालिच्यासाठी तर धाग्यात एकामागून एक बदल करावे लागले. सरळ, गुळगुळीत धाग्याचा गालिचा भरदार होत नाही, म्हणून तापवून त्याला कायमच्या बारीक वळ्या देण्यात आल्या. गोल धागा भिंगासारखा काम करून आतली धूळ मोठी करून दाखवतो, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस तीन पाकळ्यांच्या आकाराची छिद्रे वापरून तिकोनी काटछेदाचा धागा काढला गेला. त्यावर मळ कमी दिसतो आणि चकाकीही येते. रंगाऱ्यांची गरज वेगळी होती. साखळीच्या टोकांशी असलेले अमाइन गट कमी-जास्त केले की, एकाच हौदात बुडवलेले धागे फिकट आणि गडद अशा वेगवेगळ्या छटा घेतात. गंधकयुक्त आम्लगट साखळीत बसवले की आम्लधर्मी डाग सहज धरत नाहीत. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना बसणारा विजेचा बारीक झटका टाळण्यासाठी कार्बनयुक्त तंतू मिसळण्यात आले. १९८६ मध्ये डागरोधक प्रक्रिया केलेले नायलॉनचे गालिचे अमेरिकेत बाजारात आले.

या साऱ्या बदलांत आकार बदलला, टोके बदलली, लेप बदलले. त्यातला अमाइड जोडांच्या साखळीचा कणा मात्र कॅरोथर्स यांनी निवडला होता तोच राहिला.

ज्यांच्या सिद्धांताला कॅरोथर्स यांच्या प्रयोगांनी मोठे बळ दिले, त्या श्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कॅरोथर्स यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले पॉल फ्लोरी १९७४ मध्ये त्याच सन्मानाचे मानकरी ठरले. मरणोत्तर नोबेल देण्याची प्रथा नसल्याने कॅरोथर्स यांचा विचार होण्याचा प्रश्नच नव्हता. द्यू पाँने १९४६ मध्ये आपल्या नायलॉन प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. आपण संपलो, असे मानून जग सोडून गेलेल्या या माणसाने जुळवलेल्या साखळीतून तोवर कारखाने, रोजगार आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या होत्या. भिवंडीतला कारागीर मागावर कृत्रिम धाग्याची कांडी चढवतो, तेव्हा त्या उद्योगामागे विल्मिंग्टनच्या एका अबोल रसायनशास्त्रज्ञाची नऊ वर्षेही असतात.