विश्लेषण : गाडीचा गिअर अलगद कसा पडतो? लुई रेनॉ यांनी काय बदलले?

उदगीरच्या मोंढ्यातून तुरीची पोती भरून निघालेला टेम्पो असो की लातूर-नांदेडच्या फेऱ्या मारणारी प्रवासी जीप, चालकाचा डावा हात दिवसभर गिअरच्या दांड्यावर जात-येत असतो. गिअर अलगद पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो अडकू लागला, घरघरू लागला की मात्र खांदा भरून येतो आणि मेस्त्रीकडे गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा सुरू होते. दरवेळी गिअरबॉक्स उतरवणे खरेच गरजेचे असते का? याचे उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसजवळच्या एका शेडमध्ये काम करणाऱ्या २१ वर्षांच्या तरुणाची गोष्ट समजून घ्यावी लागते. त्याचे आडनाव आज आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसते.

लुई रेनॉ कोण होते?

लुई रेनॉ यांचा जन्म फेब्रुवारी १८७७ मध्ये पॅरिसमधील एका सुखवस्तू व्यापारी घरात झाला. वडिलांचा कापडाचा आणि बटणांचा व्यवसाय होता. थोरले भाऊ मार्सेल आणि फर्नांड त्याच वाटेने गेले. लुई यांचे मन मात्र शाळेत रमले नाही आणि दुकानातही. वाफेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारे लिऑन सर्पोले यांच्या कारखान्यात हा मुलगा घुटमळत असे. अभियांत्रिकीच्या नामांकित शिक्षणसंस्थेची प्रवेश परीक्षा त्यांना जमली नाही. पॅरिसलगतच्या बियांकूर गावात कुटुंबाचे घर होते. त्याच्या बागेतील अवजारांची शेड हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. सक्तीची लष्करी सेवा संपवून १८९८ मध्ये परतल्यावर त्यांनी द दिओं-बुतों कंपनीच्या इंजिनावर, तीनचाकीऐवजी चारचाकी, हलकी गाडी बांधायला घेतली. इंजिन अवघे पावणेदोन अश्वशक्तीचे होते. इतक्या कमी ताकदीत वाया घालवण्यासारखे काहीच नव्हते. ती वाटेत कुठे वाया जाते, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला तो यामुळेच.

त्यापूर्वी गिअर कसे बदलले जात?

त्या काळातील फ्रेंच गाड्यांवर एमिल लव्हासर यांच्या रचनेचा पगडा होता. १८९१ च्या सुमारास त्यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच, मग गिअर आणि शेवटी मागच्या चाकांकडे जाणारी साखळी अशी मांडणी रूढ केली. गिअरबॉक्समध्ये दोन समांतर दांडे असत. एका दांड्यावरची दातेरी चाके सरकवून दुसऱ्या दांड्यावरच्या चाकांत घुसवायची, म्हणजे गिअर पडला. दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असताना दाते एकमेकांवर आपटत आणि मोठा आवाज होई. ही पद्धत रांगडी आहे, याची लव्हासर यांना स्वतःलाही कल्पना होती. पण गाडी चालत होती, म्हणून ती टिकली. गिअर पडल्यानंतरही ताकद दात्यांतून आणि साखळीतून वळसे घेत चाकांपर्यंत जाई. प्रत्येक वळशावर थोडी ताकद घर्षणात जाई आणि गोंगाट वाढे.

रेनॉ यांनी नेमके काय केले?

त्यांनी मधले टप्पे कमी केले. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये तीन गिअर पुढचे आणि एक मागचा होता. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये ताकद बाजूच्या दांड्यावरून फिरून येई, कारण चढावर आणि गाडी उचलताना वेग कमी करून जोर वाढवणे आवश्यक असते. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र इंजिनाकडून येणारा दांडा आणि चाकांकडे जाणारा दांडा एकाच सरळ रेषेत थेट एकमेकांना जोडले जात. दात्यांवरून दात्यांवर ताकद जाण्याचा प्रश्नच उरला नाही. साखळीही त्यांनी काढून टाकली आणि सांधे असलेला फिरता दांडा मागच्या आसापर्यंत नेला. सपाट रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ वरच्या गिअरमध्येच चालते. त्यामुळे त्या एका गिअरमधील बचत मोठी ठरली आणि गाडी शांत झाली. या रचनेला पुढे डायरेक्ट ड्राइव्ह हे नाव रूढ झाले. मागच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक जीप, पिकअप आणि ट्रकमध्ये हे तत्त्व पुढे दशकानुदशके वापरले गेले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या छोट्या मोटारींची मांडणी वेगळी असल्याने त्यांत सहसा ते नसते.

२४ डिसेंबर १८९८ च्या रात्री काय घडले?

नाताळच्या आदल्या रात्री लुई आपली गाडी घेऊन मित्रांच्या मेजवानीला गेले. गाडीची थट्टा झाली, मग पैज लागली. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर चढणारा रू लपिक हा रस्ता त्यासाठी निवडला गेला. त्याचा चढ सुमारे १३ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तेरा मीटर उंची गाठायची. त्या काळातील हलक्या गाड्यांची असल्या चढावर दमछाक होत असे. लुई यांची गाडी वर चढली. त्याच रात्री त्यांना १२ गाड्यांच्या मागण्या मिळाल्या. पुढच्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी १८९९ मध्ये, त्यांनी आपल्या रचनेचे पेटंट घेतले आणि रेनॉ फ्रेर, म्हणजे रेनॉ बंधू, ही कंपनी उभी राहिली. भांडवल मार्सेल आणि फर्नांड यांचे होते. ज्याच्या डोक्यातून गाडी निघाली तो लुई सुरुवातीला कंपनीचा भागीदारही नव्हता. पेटंटची ताकद मात्र लवकरच दिसली. ही रचना अनेक कारखानदारांनी उचलली आणि रेनॉ यांनी कोर्टकज्जे करून त्यांच्याकडून परवाना शुल्क वसूल केले.

शर्यतींनी काय दिले आणि काय नेले?

त्या काळी गाडी खपवायची तर शर्यत जिंकणे हीच जाहिरात होती. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत मार्सेल यांनी हलकी रेनॉ गाडी आल्प्सच्या घाटातून नेऊन मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी, मे १९०३ मध्ये, पॅरिस-माद्रिद शर्यतीत मार्सेल यांची गाडी उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. लुई त्याच शर्यतीत खूप पुढे होते. बोर्डो शहरात पोहोचल्यावर त्यांना भावाच्या अपघाताची बातमी कळली. इतरही जीव गेल्याने सरकारने ती शर्यत तिथेच थांबवली. त्यानंतर लुई स्वतः शर्यतीत उतरले नाहीत. १९०९ मध्ये आजारी फर्नांड यांचाही मृत्यू झाला आणि तिशीतल्या लुई यांच्या हाती संपूर्ण कारखाना आला.

कारखानदार म्हणून ते कसे होते?

कुशल, हट्टी आणि अबोल, अशी त्यांची ओळख राहिली. पॅरिसच्या टॅक्सी कंपनीच्या मोठ्या मागणीने १९०५ पासून कारखाना वाढत गेला. १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांचा कारखाना पाहिला. परतल्यावर प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजण्याची पद्धत त्यांनी रेटली. त्याविरुद्ध १९१३ मध्ये कामगारांनी संप केला, तो अनेक आठवडे चालला आणि अखेर मोडला. यंत्रातील घर्षण कमी करणाऱ्या या माणसाला माणसांमधील घर्षण कमी करणे कधीच नीट साधले नाही.

पहिल्या महायुद्धाने त्यांना राष्ट्रीय मानसन्मान दिला. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीच्या लढाईसाठी पॅरिसमधून सुमारे सहाशे टॅक्सी सैनिक घेऊन गेल्या, त्यांतील बहुतेक रेनॉ होत्या. त्यांच्या कारखान्याने बनवलेल्या एफटी रणगाड्यात पूर्ण फिरणारा बुरूज वर आणि इंजिन मागे होते. जगभरच्या रणगाड्यांनी पुढे हीच मांडणी स्वीकारली.

अखेर कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेला. रेनॉ कारखाना जर्मन देखरेखीखाली आला आणि तिथून जर्मन सैन्यासाठी ट्रक बाहेर पडू लागले. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले, त्यात परिसरातील शेकडो नागरिक दगावले. कारखाना आणि यंत्रे वाचवण्यासाठी काम चालू ठेवले, की शत्रूला साथ दिली, हा वाद तेव्हापासून आहे. पॅरिस मुक्त झाल्यानंतर सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना अटक झाली. आजाराने त्यांची वाचा आधीच क्षीण झाली होती. खटला उभा राहण्यापूर्वीच २४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. जानेवारी १९४५ मध्ये फ्रेंच सरकारने कंपनी ताब्यात घेतली. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात कधीच झाला नाही. वारसांनी अनेक दशकांनंतरही दाद मागितली. कंपनीचे नाव मात्र तेच राहिले. २००७ मध्ये महिंद्राबरोबरच्या भागीदारीतून रेनॉची लोगान ही मोटार नाशिकमध्ये तयार होऊ लागली, तेव्हा ते नाव महाराष्ट्रातही पोहोचले.

मग गिअर अलगद पडू लागला तो कशामुळे?

रेनॉ यांच्यामुळे गाडी शांत आणि कार्यक्षम झाली, पण गिअर टाकतानाची आदळआपट संपली नव्हती. आपल्याकडचे जुने ट्रकचालक डबल क्लच मारत, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबत, ते याच कारणाने. त्यावरचा उपाय अमेरिकी अभियंते अर्ल थॉम्प्सन यांनी शोधला. १९२८ मध्ये तो कॅडिलॅक मोटारीत आला. त्याला सिंक्रोमेश म्हणतात. यात पुढच्या गिअरची दातेरी चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. दांडा हलवला की आत एक कडे सरकते. जोडणी होण्यापूर्वी शंकूच्या आकाराची, बहुधा पितळी, रिंग चाकावर घासते आणि दोघांची गती सारखी करते. मगच जोडणी होते. हाताला जाणवणारा हलकासा खटका आतल्या स्प्रिंग आणि गोळीचा असतो, तो गिअर जागेवर बसल्याची खूण देतो. अनेक गाड्यांत रिव्हर्स गिअरला मात्र ही सोय नसते. गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकल्यास होणारी घरघर म्हणजे लव्हासर यांच्या काळातील आवाजच.

आज गिअर जड पडत असेल तर आधी काय पाहावे?

पहिली चाचणी फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून क्लच दाबावा आणि सगळे गिअर टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबलेला ठेवून तेच करावे. बंद इंजिनावर गिअर अलगद आणि चालू इंजिनावर जड पडत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा. तो पूर्ण सुटत नसतो. क्लच वायरीचे सेटिंग करून किंवा तेलावर चालणाऱ्या क्लचमधील हवा काढून अनेकदा काम भागते. दोन्ही वेळा जड असतील, तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधील वायर, सळई किंवा सांधे पाहावेत. दांडा सैल डुलत असेल, तर बहुधा प्लास्टिक किंवा रबराचे बुश झिजलेले असतात. ही वस्तू छोटी असते आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते. गाडी झटका देताना दांडाही हलत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग तपासावे.

थंडीत सकाळी जड आणि गाडी तापल्यावर ठीक, असे असेल तर गिअर ऑइलकडे पाहावे. पुस्तिकेत दिलेलाच ग्रेड भरावा. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जास्त भारी म्हणून जीएल-५ भरू नये, कारण त्यातील काही रसायने पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. एकच ठरावीक गिअर घरघरत असेल, तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स उघडण्याची वेळ खरी तेव्हा येते.

दांडा आखूड करून फायदा होतो का?

बाजारात आखूड दांडे मिळतात. त्यांत हिशेब साध्या तरफेचा असतो. टेकूच्या वरचा ३० सेंटीमीटरचा दांडा २० सेंटीमीटरचा केला, तर हाताची हालचाल एक तृतीयांशाने कमी होते, पण जोर दीडपट लागतो. बुश झिजलेले असताना दांडा बदलणे म्हणजे खर्च करून तोच ढिलेपणा ठेवणे. चालकाच्या हातात असलेला सर्वांत स्वस्त उपाय सवयीचा आहे. गिअर टाकून झाला की हात स्टिअरिंगवर न्यावा. दांड्यावर विसावलेल्या हाताचा भार आतल्या फोर्कवर सतत पडतो आणि तो हळूहळू झिजतो.

मेस्त्रीकडे जाताना गिअर जड आहे एवढेच सांगू नये. कोणता गिअर, इंजिन चालू असताना की बंद, गाडी थंड असताना की तापल्यावर, हे सांगावे. रेनॉ यांनी ताकद वाटेत कुठे वाया जाते हे आधी शोधले आणि मग हत्यार उचलले. क्लच, बुश आणि ऑइल ही तीन ठिकाणे पाहून झाल्यावरच गिअरबॉक्स उतरवायला होकार द्यावा.