डोळ्याला नवे भिंग देणारे डॉक्टर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात, हे तुम्ही ऐकले असेल. असे भिंग पहिल्यांदा बसवणाऱ्या डॉक्टरांची जीवनकथा या पाठात दिली आहे.

मुलांनो, पेणहून रोह्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी कासूला थांबते. समजा, त्या गाडीतून एक म्हातारी दादी नातवाचा हात धरून उतरत आहे. काही दिवसांपूर्वीच तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. फलाटावर पाय ठेवताच ती मान वर करते आणि स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरचे कासू हे नाव वाचते. नातू चकित होतो. पाटी तर सोडाच, गेली दोन वर्षे दादीला सुपातल्या तांदळातले खडेही दिसत नव्हते.

असा आनंद आज कितीतरी घरांत येतो. तुमच्याही घरी तो आला असेल. त्यामागे एका डॉक्टरांची अनेक वर्षांची चिकाटी आहे. त्यांचे नाव सर हॅरॉल्ड रिडले.

रिडले यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात झाला. त्यांचे वडील डोळ्यांचे डॉक्टर होते. हॅरॉल्ड यांनी केंब्रिज येथे आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेतले. वडिलांप्रमाणे तेही नेत्रशल्यचिकित्सक झाले.

आता मोतीबिंदू म्हणजे काय, ते पाहू. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते प्रकाशाचे किरण एकत्र आणून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पाडते. उतारवयात हे भिंग हळूहळू धुरकट होते आणि माणसाला सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. यालाच मोतीबिंदू म्हणतात. प्राचीन भारतात सुश्रुताच्या काळी ते भिंग सुईने बाजूला सारत असत. अठराव्या शतकात फ्रान्समधील जाक दाव्हिएल यांनी ते डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली.

धुरकट भिंग काढले की प्रकाशाची वाट मोकळी होई. पण डोळ्यात भिंगच उरत नसे! मग रोग्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे. ओटीची पायरी जवळ आहे असे वाटे आणि पाय हवेतच पडे. बाजूचे नीट दिसत नसे. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, तर दोन डोळ्यांना लहानमोठी अशी दोन चित्रे दिसत आणि ती एकमेकांत मिसळत नसत. चष्मा फुटला किंवा हरवला, की तो माणूस पुन्हा आंधळ्यासारखा होई. भिंग काढणे म्हणजे अर्धाच उपचार आहे, असे रिडले यांना वाटत असे.

१९४० साली दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्लंडच्या आकाशात विमानांच्या लढाया होत होत्या. वैमानिकाच्या डोक्यावरचे झाकण पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे असे. गोळ्या लागल्या की त्याचे तुकडे वैमानिकाच्या डोळ्यांत घुसत. गॉर्डन क्लीव्हर हा अशाच जखमी वैमानिकांपैकी एक होता. डोळ्यात बाहेरचा कण गेला, की बहुधा डोळा लाल होतो, सुजतो आणि पू धरतो. पण या प्लास्टिकचे तुकडे डोळ्यांत तसेच राहिले, तरी डोळे शांत राहिले. ही गोष्ट रिडले यांनी लक्षात ठेवली.

युद्धकाळात ते लष्करात डॉक्टर होते. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, माश्यांमुळे पसरणाऱ्या अंधत्वाचा त्यांनी अभ्यास केला. पुढे ब्रह्मदेशात, युद्धकैदेत उपासमार होऊन दृष्टी गमावलेल्या सैनिकांना त्यांनी तपासले. दृष्टी गेलेल्या माणसाचे दुःख त्यांनी असे फार जवळून पाहिले.

युद्ध संपले. एके दिवशी रिडले मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत होते. एक विद्यार्थी ती प्रथमच पाहत होता. काढलेल्या भिंगाच्या जागी नवे भिंग का बसवत नाही, असे त्याने सहज विचारले. प्रश्न साधा होता, पण रिडले यांच्या मनात तोच विचार बरीच वर्षे घोळत होता. आता त्यांनी निश्चय केला. चष्म्यांची भिंगे बनवणाऱ्या रेनर कंपनीतील जॉन पाइक यांच्या मदतीने त्यांनी पर्स्पेक्सचे शुद्ध भिंग तयार करवून घेतले. ते सुमारे आठ मिलिमीटर रुंद होते.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर ही नवी शस्त्रक्रिया सुरू झाली. ८ फेब्रुवारी १९५० रोजी तिच्या डोळ्यात भिंग कायमचे बसवण्यात आले. डोळ्याने ते स्वीकारले.

पण मुलांनो, निकाल अगदी मनासारखा लागला असे समजू नका. तिला दूरचे स्पष्ट दिसेना. त्यासाठी मोठ्या उणे नंबरचा चष्मा लावावा लागला. असे का झाले? नव्या भिंगाची गोलाई नैसर्गिक भिंगासारखीच ठेवली होती. पण प्लास्टिक प्रकाशाला अधिक वाकवते, त्यामुळे भिंग गरजेपेक्षा जास्त शक्तीचे झाले होते. रिडले यांनी ही चूक झाकली नाही. पाइक यांच्या साहाय्याने त्यांनी पुढील भिंगांची गोलाई बदलली.

१९५१ च्या जुलै महिन्यात त्यांनी ऑक्सफर्डच्या परिषदेत आपले काम मांडले. भिंग बसवलेले रुग्णही ते सोबत घेऊन गेले होते. काही नामवंत डॉक्टरांनी त्या रुग्णांचे डोळे तपासायलाही नकार दिला. डोळ्यातील बाहेरची वस्तू काढणे हे डॉक्टरांचे काम, ती आत घालणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांची भीती अगदीच खोटी नव्हती. ती पहिली भिंगे जड होती. काही रुग्णांच्या डोळ्यांत ती जागेवरून सरकली, काहींच्या डोळ्यांचा दाब वाढला आणि काहींची भिंगे काढून टाकावी लागली. रिडले यांची खूप निंदा झाली. त्यांना याचे फार दुःख झाले, पण आपली कल्पना बरोबर आहे यावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. या शोधातून त्यांनी पैसाही कमावला नाही.

हळूहळू इतर देशांतले डॉक्टर त्यांच्या बाजूने आले. १९६६ साली अशा डॉक्टरांनी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. भिंगे हलकी झाली, त्यांना जागेवर धरून ठेवणारे बारीक आकडे आले. पुढे घडी घालून लहानशा छेदातून आत सरकवता येणारी मऊ भिंगेही निघाली. १९७१ साली रिडले रुग्णालयातून निवृत्त झाले, तेव्हाही त्यांना पुरता मान मिळालेला नव्हता. तो मिळाला १९८६ साली. त्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पुढे रिडले यांना स्वतःलाच मोतीबिंदू झाला. ज्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले भिंग बसवले होते, तिथेच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसवण्यात आली. वैमानिक क्लीव्हर यांनाही म्हातारपणी अशाच भिंगाने दृष्टी मिळाली. २००० साली इंग्लंडच्या राणीने रिडले यांना सर हा किताब दिला. २५ मे २००१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सुरुवातीला ही भिंगे आपल्याकडे परदेशातून येत आणि महाग पडत. १९९२ साली मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने ती कमी खर्चात बनवायला सुरुवात केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यामुळे खेड्यांतील गरिबांनाही हे भिंग मिळू लागले.

आज ऑपरेशनपूर्वी डोळ्याची लांबी यंत्राने मोजतात आणि त्यावरून भिंगाचा नंबर ठरवतात. पहिल्या रुग्णाच्या वेळी झालेली चूक त्यामुळे टळते. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर रुग्णाला ६ मीटरवरून दिसले, तर ६/१८ दृष्टी आली असे म्हणतात. शस्त्रक्रिया चांगली झाली की नाही, हे बरीच वर्षे या मापाने ठरवत आले. बहुतेकांना त्याहूनही चांगले दिसते. तरी साध्या भिंगाला वाचनासाठी जवळचा चष्मा लागतो. काहींच्या भिंगामागचा पापुद्रा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होतो. तो लेसर किरणांनी मोकळा करता येतो. मधुमेहाने डोळ्याचा पडदाच खराब झाला असेल, तर मात्र नवे भिंगही पुरेसे पडत नाही. म्हणून डोळे वेळेवर तपासून घेतले पाहिजेत.

तुमच्या पेणमध्ये गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. ते काम सर्वांत कसबी हाताकडे देतात, कारण डोळे नीट उतरले तरच मूर्ती सजीव वाटते. मग माणसाच्या डोळ्याला किती जपावे लागत असेल! तुमच्या घरी दादी-नानीला अंधुक दिसत असेल, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका. त्यांचा हात धरून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. परत येताना स्थानकाची पाटी त्यांनाच वाचू द्या.

शब्दार्थ
पारदर्शक – आरपार दिसणारे
धुरकट – धुराने भरल्यासारखे, अस्पष्ट
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण
निंदा – नावे ठेवणे
ढळणे – डळमळणे, कमी होणे
कसबी – कामात तरबेज

स्वाध्याय
१. मोतीबिंदू म्हणजे काय?
२. जाड चष्म्यामुळे रोग्यांना कोणत्या अडचणी येत?
३. वैमानिकांच्या डोळ्यांवरून रिडले यांना काय समजले?
४. पहिल्या रुग्णाला दूरचे स्पष्ट का दिसले नाही?
५. घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनविषयी माहिती विचारा व पाच वाक्ये लिहा.